शेपटाची लाल छत्री

मी एक जुनी लाल छत्री आहे. मित्रांनो, माझी एक काडी वाकडी आहे आणि कापडावर पिवळ्या फुलांची दोन ठिगळं आहेत. तरी मी खुंटीला कशी ऐटीत लटकते बघा!

मला घडवणाऱ्या कारागिराने माझी वेताची मूठ वाफेवर वाकवली आणि म्हणाला, "कापड फाटेल, मूठ नाही तुटायची." मला राग आला. नव्याकोऱ्या छत्रीसमोर फाटण्याच्या गोष्टी कुणी काढतं का?

मला विकत घेतलं गाईडबाईंनी. रोज सकाळी त्या पाहुण्यांना घेऊन दाट, ओल्या जंगलात शिरत आणि दुपारी समुद्रकिनाऱ्यावर पोहोचत. तिथे त्यांचे धाकटे दीर होडी घेऊन थांबलेले असत. जंगलात वळणापलीकडचा माणूस दिसत नाही, सगळं हिरवंच हिरवं. म्हणून बाईंनी एक रीत पाडली. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हाती मला द्यायचं. बाई मागे वळून मला शोधत. मी दिसले, की सगळे आले. या शेवटच्या माणसाला त्या 'शेपूट' म्हणत.

वरून पानं टपटपत, खालून जळवा चपलांवर चढत, माकडं आमच्याकडे बघून दात विचकत. पण सगळ्यांना भरवसा माझा. मी मिरवत असे, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी शेपूट झाल्या शिवणकाम करणाऱ्या एक मावशी. एकट्याच आल्या होत्या. "मला मागेच बरं," म्हणाल्या, "कुणाच्या पायात यायला नको."

जंगल संपलं, खडकाळ किनारा लागला. पुढे चाललेल्या आजोबांचं टक्कल उन्हाने लालबुंद झालं होतं. मावशींनी मला उघडून त्यांच्या हातात दिलं.

"अहो, आणि तुम्हाला?"

"माझ्या डोक्यावर केस आहेत की अजून!"

आजोबा खो खो हसले आणि मला घेऊन तरातरा सगळ्यांच्या पुढे गेले. रीत मावशींना ठाऊक होती. पण समोर कुणाचं डोकं भाजत असताना रीत कुणाला आठवते? त्या खडकाआड शिंपले वेचायला वाकल्या.

इकडे दीर ओरडले, "वहिनी, आटपा! भरती चढतेय, खडकातली वाट बुडेल."

बाईंनी वळून बघितलं. होडीपाशी मी होते, लालचुटुक. "शेपूट आलं. चला, बसा सगळे!"

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. दिरांनी दोर सोडलासुद्धा. तेवढ्यात आजोबांनी मला मिटलं आणि म्हणाले, "ही त्या मावशींना द्या हो. फार भली बाई. कुठे बसल्यात त्या?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला हिसकावून त्यांनी होडीतून उडी मारली आणि धावत सुटल्या.

मावशी एका खडकावर उभ्या होत्या. मधल्या खाचेतून पाणी उसळत होतं. बाईंनी माझं टोक पकडलं आणि मूठ पुढे केली. "धरा! दोन्ही हातांनी! शिंपले टाका ते!"

"अहो, नातीसाठी घेतलेत..."

"नातीला आधी आजी न्या!"

मावशींनी मला धरलं. लाट आली. माझी काडी वाकली, कापड टरकन फाटलं, मूठ मात्र तसूभर हलली नाही. मावशी पार झाल्या.

होडीत दीर पुटपुटले, "आज शेपूटच पुढे पळालं, वहिनी."

"चूक माझी, भावजी. मी छत्री बघितली, माणूस नाही बघितला."

मावशी मला घरी घेऊन गेल्या. नातीच्या फ्रॉकच्या उरलेल्या कापडाची ठिगळं लावून त्यांनी मला परत आणून दिलं. आता शेपटाच्या हाती नवी केशरी छत्री असते आणि मी तिकीटखोलीत खुंटीवर. कुणी म्हणतं, "टाकून द्या ती जुनी!" बाई ऐकत नाहीत. निघताना मला एकदा हात लावतात. हल्ली त्या वळतात तेव्हा छत्रीवर थांबत नाहीत, तिच्याखालचा चेहरा बघतात.

मित्रांनो, तुम्हीही फाटलेलं शिवून घ्या आणि पुढे जाताना मागचा चेहरा बघा. एखाद्या दिवशी चुकलंच, तर घाबरू नका. माझी मूठ अजून पक्की आहे.