सीमेवरचा कडा

मित्रांनो, मी एक जुना उठावाचा नकाशा आहे. भिंतीवर लटकणारे माझे कागदी भाऊबंद सडपातळ. मी मात्र अंगापिंडाने चांगला भरलेला. भिजवलेल्या रद्दीचा लगदा, खळ आणि दोन फळ्या, एवढ्यावर माझा पिंड पोसला आहे. माझ्या अंगावर दोन शेजारी देश आहेत, बोलिव्हिया आणि पॅराग्वे. दोघांनाही समुद्र नाही.

माझा जन्म भूगोलाच्या बाईंच्या घरी झाला. समुद्र नाही म्हटले की मुलांना दोन्ही देश एकसारखेच वाटतात, ही त्यांची तक्रार होती. त्यांचे यजमान त्याच शाळेत चित्रकला शिकवत. नवराबायकोने काम वाटून घेतले. सरांनी बैठकीच्या खोलीत बोलिव्हिया मांडला, बाईंनी स्वयंपाकाच्या ओट्यावर पॅराग्वे. लगदा वाळेपर्यंत दोघेही ताट हातात घेऊन दारात उभ्याने जेवत.

सरांचा हात सढळ. पश्चिमेच्या पर्वतरांगा, त्यांच्यामधले उंच पठार, त्यावरचे मोठे तळे आणि मिठाचे पांढरे मैदान त्यांनी असे उठवले की पाहतच राहावे. भरात येऊन त्यांनी पूर्वेकडची सखल मैदानेही उंच करून ठेवली. बाईंचा पॅराग्वे शहाण्यासारखा बसका होता: मधोमध नदी, पूर्वेला बेताच्या टेकड्या, पश्चिमेला चाको नावाचे सपाट, कोरडे रान. दोन्ही फळ्या जोडल्या आणि सीमेवर चार बोटे उंचीचा कडा उभा राहिला.

"अहो, देश केलाय की जिना?" बाई म्हणाल्या.

"उंच देश आहे असं तूच सांगितलंस."

"पश्चिमेला उंच आहे हो. पूर्वेला उतरत उतरत सपाट होतो. सीमेवर इकडचं रान तसंच तिकडे जातं."

"मग तुझा पॅराग्वे उचल थोडा."

रंगवलेले पुन्हा खरवडायचे म्हणताच सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कडा तसाच राहिला आणि मी शाळेत रुजू झालो.

काय कौतुक झाले माझे! मुलांचा नुसता गराडा पडे. "हा कडा मनातल्या मनात पुसून टाका," असे बाई दरवर्षी सांगत. दोन्ही बाजूंना पिवळसर हिरवा रंग एकच असल्याने मुलांच्या डोळ्यांना ते जमायचे. पुढे कुणाच्या तरी कोपराने माझे सर्वांत उंच शिखर मोडले. सरांनी ते चिकटवले, पण मोठ्या बाईंनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले आणि 'हात लावू नये' अशी पाटी अडकवली. पाहुणे येत, वा वा करत आणि चहाला जात. मान होता, पण काम नव्हते. खरे सांगतो, मला फार कंटाळा आला होता.

मग शाळेत मैना आली. तिला जन्मापासून दिसत नव्हते, पण तोंड अखंड चालू, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवले. बाईंचे केस तोवर पांढरे झाले होते. त्यांनी किल्ली मागून आणली आणि मैनेला माझ्यासमोर उभे केले. कड्याचे सांगायचे मात्र या वेळी त्यांच्या लक्षात राहिले नाही. तिची बोटे डोंगर चढली, पठारावर विसावली, मिठाच्या मैदानावरून घसरत गेली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला वाचत होते. मला इतका आनंद झाला की मी शहारलो असतो, पण लगद्याला ते जमत नाही.

पुढच्या तासाला बाईंनी दोन्ही देशांतला फरक विचारला. मैना पहिली उठली. "बोलिव्हियातून पॅराग्वेत जायचं तर सीमेवर कडा उतरावा लागतो."

वर्ग खो खो हसला. "मी नीट हात लावून बघितलं होतं, बाई," एवढे बोलून ती खाली बसली. त्यानंतर ती माझ्याकडे फिरकली नाही आणि वर्गात तोंडही उघडेना. माझ्या जिवाला ते फार लागले. माझ्यावर विश्वास ठेवून ती तोंडघशी पडली होती.

बाईंनी घरी काय सुनावले, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी निवृत्त झालेले सर पिशवीत कानस घेऊन हजर झाले. मैनेला त्यांनी शेजारी बसवले आणि म्हणाले, "चूक तुझ्या हाताची नव्हती, बाळ. माझ्या हाताची होती."

मग त्यांनी घासायला सुरुवात केली. हिरवा भुगा त्यांच्या मिशांवर बसला. मैना मध्येमध्ये हात फिरवून बजावायची, "अजून, सर. इथं अजून टेंगूळ आहे." बाई दारातून पदराआड हसत होत्या.

शेवटी तिची बोटे पर्वतावरून निघाली आणि न अडखळता थेट चाकोत पोहोचली. "आता एक देश कुठे संपला ते कळतच नाही," ती म्हणाली. सरांनी सीमेवर सुतळी चिकटवून दिली.

तासाला मैनेने पुन्हा हात वर केला. "बोलिव्हियाच्या उंच पठारावरचं पाणी तिथंच राहतं, समुद्राला मिळत नाही. पॅराग्वेला समुद्र नाही, पण त्याची नदी खाली समुद्राकडे जाते. आणि सीमेवर कडा नाही. मी हात लावून बघितलंय."

या वेळी कुणी हसले नाही. सगळा वर्ग उठून माझ्याकडे धावला.

कुलूप आता कायमचे निघाले आहे. मित्रांनो, मला जपायचे असेल तर हात स्वच्छ धुवा आणि खुशाल लावा. एखादे शिखर झिजले तर रद्दी काही महाग नाही. फक्त ढकलाढकली करू नका, रांगेने या. सध्या पाळी मैनेची आहे, आणि ती लवकर हटेल असे दिसत नाही.