वेळेआधीची तुतारी

अध्यक्षाच्या सज्ज्यातून लेओंसने माईकवर फुंकर मारली आणि ती सबंध रिंगणाला वळसा घालून त्याच्याच कानात परत आली. रोमन लोकांनी हे दगड रचले तेव्हा माईक नव्हते. वाळूवरचा माणूस कण्हला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं, ही सोय त्यांनी बांधकामातच करून ठेवली होती.

“शेवटचा बैल,” तो म्हणाला. “ओदिल रूव्हिएर यांच्या कळपातला. नोतेर.”

लोक उभे राहिले. टाळ्या बैलासाठी होत्या. दक्षिण फ्रान्समधल्या आमच्या आर्लमध्ये जाहिरातीच्या कागदावर बैलाचं नाव हातभर अक्षरांत असतं आणि माणसांची नावं खाली, छापखान्याच्या पत्त्याहून जरा मोठी. आमच्या खेळात बैल मरत नाही. पंधरा मिनिटं खेळून तो दलदलीकाठच्या कुरणात परत जातो, तिथेच म्हातारा होतो, आणि नावाजलेला असेल तर मेल्यावर त्याला समुद्राकडे तोंड करून उभा पुरतात. माणसांना मात्र आडवंच पुरतात.

दार उघडलं. नोतेर धावत आला नाही. चालत आला, मधोमध थांबला, आणि फळीच्या कठड्यापाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांकडे एकेक करून पाहू लागला. नोतेर म्हणजे लोकांची मृत्युपत्रं करून देणारा वकील. वासरू असताना फार शांत होता म्हणून कुणीतरी गमतीने ठेवलेलं नाव. पुढे त्यात कुणाला गंमत वाटली नाही.

डावीकडून तिसरा पांढरा माणूस म्हणजे लेओंसचा मुलगा, तिबो.

बैलाच्या दोन शिंगांमध्ये तांबडी फीत बांधलेली असते आणि शिंगांच्या बुडाशी सुतळी गुंडाळलेली असते. समोरून तिरकं धावत यायचं, हातातल्या छोट्या लोखंडी आकड्याने ती ओरबाडायची, आणि बैल पाठीला लागला की कठड्यावरून पलीकडे उडी मारायची. एवढाच खेळ. कुणी पुढे होईना तर गावातले दुकानदार चिठ्ठ्या पाठवतात, आणि अध्यक्षाने माईकवर वाचायचं की अमुक बेकरीकडून इनामात भर, तमुक चष्मेवाल्यांकडून भर. मग कुणीतरी पुढे होतं. लेओंस गेली पुष्कळ वर्षं अध्यक्ष होता. माणसांना पुढे व्हायला लावणारा त्याच्यासारखा आवाज पंचक्रोशीत नाही, असं म्हणत.

एरवी आठवडाभर तो विमा विकायचा. निम्म्या आर्लला त्याने पूर, आग आणि जिन्यावरून पडणं यांची भीती घालून कागदांवर सह्या करायला लावल्या होत्या. तिबोचा विमा मात्र त्याला उतरवता आला नव्हता. कंपनीने त्याच्याच अर्जावर त्यालाच कळवलं होतं की या धंद्यातली माणसं आम्ही घेत नाही.

गेल्या सप्टेंबरात नोतेर तिबोच्या मागोमाग कठड्यावरून पलीकडे आला होता. फळ्या फुटल्या, आणि मांडीचं हाड. लेओंस तेव्हा माईकवर होता. त्याच्या तोंडून जे काही निघालं ते शब्द नव्हते, पण ते सगळ्या गावाने ऐकलं. दोन गल्ल्या पलीकडे स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने, सोलांजनेही ऐकलं. ती रिंगणात कधी पाऊल टाकत नसे. खिडकी उघडी ठेवायची आणि सगळा खेळ कानांनी बघायची.

आज त्यानंतर पहिल्यांदाच तिबो आणि नोतेर समोरासमोर होते.

“तुझं पोरगं लांबून वळतंय,” शेजारचा गास्तों हळूच म्हणाला. गास्तों पोस्टातून निवृत्त झाला होता आणि आता लेओंसने मान हलवली की तुतारी वाजवायचं काम करायचा. तुतारी झाली की बैलाला हात लावायचा नाही, हा नियम.

“उन्हामुळे,” लेओंस म्हणाला.

“ऊन आपल्या तोंडावर आहे.”

लेओंसने ते गास्तोंच्या आधीच पाहिलं होतं. तिबो धावत निघायचा, पण वळण इतकं मोठं घ्यायचा की हात पोचण्याची शक्यताच राहू नये. डावा पाय जमिनीवर जरा उशिरा पडत होता. तो दुखण्यामुळे उशिरा पडत नव्हता, हे बापाला कळत होतं, आणि थोड्याच वेळात ते दहा हजार लोकांना कळणार होतं. त्या लोकांना दुसरं काही कळत नसेल, पण वाळूवरच्या माणसाची भीती कळते. त्यासाठीच ही जागा बांधली आहे. मधल्या काळात गावकऱ्यांनी रिंगणाच्या आत घरं बांधून संसार थाटले होते, चर्चही होतं. पुढे ते सगळं पाडून वाळू मोकळी केली आणि पहिल्याच समारंभाला बैल आणले. राहायला जागा कुठेही मिळते.

एक चिठ्ठी आली. लेओंसने ती वाचून दाखवली. आवाज नेहमीसारखा लागला. दोघं जण धावले, नोतेरने दोघांनाही कठड्यापार पाठवलं आणि शिंगाने फळीवर ठोकलं. दार वाजवावं तसं.

दुसरी चिठ्ठी आली. ती त्याने मांडीखाली ठेवली.

“वाचत का नाहीस?”

“अक्षर लागत नाही.”

“मी वाचू?”

“तू तुतारी सांभाळ.”

तिसरीही मांडीखाली गेली. रिंगण गप्प होत चाललं. माईकवरून काही येत नाही म्हटल्यावर लोक माणसांच्या पायांकडे बघू लागले. वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “तिबो, बैलानेच यायचंय का तुझ्याकडे? पत्ता दिलायस त्याला?” त्यावर हशा झाला. अजून तो मायेचा हशा होता.

सकाळी घरातून निघताना दारापाशी तिबो आणि सोलांज हळू आवाजात काही बोलत होते. लेओंस आला तसे ते थांबले. मग तिबो म्हणाला होता, “बाबा, आज जरा तुम्हाला...” आणि लेओंस घाईघाईने म्हणाला होता, “कठड्यापाशी डाव्या पायावर भार देऊ नकोस. किल्ल्या कुठे आहेत?” किल्ल्या त्याच्या हातातच होत्या. पोराच्या तोंडून भीती हा शब्द ऐकावा लागेल, याची त्याला इतकी धास्ती वाटली की तो जिना उतरून खाली जाऊन उभा राहिला.

आता तिबो कठड्यापासून सुटा झाला. चालत, न धावता, तो वाळूवरून सज्ज्याकडे येऊ लागला. नोतेर पलीकडच्या टोकाला होता. त्याने मान वळवली.

“हा काय करतोय?” गास्तों म्हणाला.

तिबो सज्ज्याच्या बरोबर खाली थांबला. बैलाकडे त्याची पाठ होती. त्याने वर पाहिलं आणि उजवा हात उंच केला.

बैलाला हाक घालताना हात असाच वर करतात. पाठ फिरवून हाक घालणं हा मात्र माज असतो, किंवा हसणाऱ्यांना दिलेलं उत्तर. तसं उत्तर दिलेला एक जण लेओंसच्या लहानपणी गेला होता. त्याचं नाव गावातल्या एका बोळाला आहे. पांढऱ्या सदऱ्याच्या मागे दूरवर नोतेरचं डोकं खाली गेल्याचं लेओंसला दिसलं. तो गास्तोंकडे वळला.

“वाजव.”

गास्तोंने घड्याळ पाहिलं. “अजून वेळ आहे. तीनएक मिनिटं तरी...”

“वाजव.”

“अरे लेओंस, सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं आहेत.”

“वाजव म्हणतो ना.”

तुतारी वाजली. तिबोचा हात वरच राहिला. मग त्याने तो हळूहळू खाली घेतला, बाजूला गेला आणि उडी न मारता, पाय टाकून कठडा ओलांडला. बाकीचे पांढरे कपडेही कठड्यापार गेले. वाळूवर एकटा नोतेर उरला. शिंगांवरची सुतळी जशीच्या तशी.

सुतळी राखून परत जाणाऱ्या बैलासाठी बँड वाजवायची पद्धत आहे. बँडवाले सुरू झाले आणि दोन ओळींनंतर एकेक करून थांबले, कारण बैल जाईना. दार उघडं होतं. दहा वर्षं वाळूवर काढलेल्या बैलाला ती पंधरा मिनिटं पोटातून कळतात. नोतेर मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याने तोंड सज्ज्याकडे केलं.

अशा वेळी गळ्यात घंटा बांधलेला एक म्हातारा बैल आत सोडतात, त्याच्या मागोमाग हा निघून जातो. दारापाशी नोतेरच्या मालकीण ओदिलबाई उभ्या होत्या, पुरुषी टोपी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. घंटेचा बैल घेऊन येणाऱ्या गड्याला त्यांनी काठी आडवी धरून अडवलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या नाहीत, पण बांधकाम रोमन होतं. “त्याची वेळ झाली की तो येईल.”

निषेधाच्या शिट्ट्या वाजायला हव्या होत्या. लेओंस शिट्ट्यांची वाट पाहत होता. शिट्ट्या झाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण कुणी शिट्टी मारली नाही. लोक आधी बैलाकडे बघत होते, मग घड्याळाकडे, मग वर सज्ज्याकडे. खालच्या रांगेतल्या दोघी म्हाताऱ्यांनी, ज्यांच्या घराचा पुराचा विमा त्याने उतरवला होता, डोळ्यांवर हात धरून त्याला नीट पाहून घेतलं. लेओंसने काहीतरी बोलावं म्हणून माईक तोंडाशी नेला. माईकमधून त्याचा श्वास रिंगणभर ऐकू आला, तेव्हा त्याने तो खाली ठेवला.

वेळ झाली तसा नोतेर वळला आणि चालत आत गेला.

खालच्या कमानीत ओलसर अंधार होता. पूर्वी जनावरं ठेवायची तिथे आता कपडे बदलायची बाकं टाकली आहेत. ओदिलबाई जिन्याच्या तोंडाशीच भेटल्या.

“माझ्या बैलाला दान नको, लेओंस.”

“बाई, मला वाटलं...”

“तुला काय वाटलं ते सगळ्या गावाला वाटलं. पुढच्या रविवारी मी त्याला परत आणते. पूर्ण पंधरा मिनिटं. तुतारीला दुसरा माणूस बसव, आणि माईकलाही.” त्यांनी मागे बाकाकडे पाहिलं. “पोराला मी काही म्हणत नाही. काय करायचं ते त्याला कळतं.”

त्या निघून गेल्या. तिबो बाकावर बसून बोटांवरची पट्टी सोडवत होता. इतर सगळे अचानक बाहेर बडीशेपेची दारू प्यायला गेले होते.

लेओंस समोर उभा राहिला. “पाठ कशाला फिरवलीस तू त्याच्याकडे? हसले तर हसले. हाक घालायची ती काय अशी...”

“हाक?” तिबोने वर पाहिलं. “माझ्या हातात आकडा होता का, बाबा?”

लेओंसने आठवून पाहिलं. पांढरा सदरा आठवला, नोतेरचं डोकं आठवलं. हात आठवला, पण त्या हातात काय होतं ते आठवेना.

“आकडा मी कठड्यावर ठेवून आलो होतो,” तिबो म्हणाला. “परवानगी मागत होतो.”

वाळू सोडून जायचं असेल तर सज्ज्याखाली यायचं, हात वर करायचा, आणि अध्यक्षाने मान हलवली की जायचं. चौथ्या बैलाच्या वेळी एकाचा घोटा मुरगळला, तेव्हा लेओंसने अशीच मान हलवली होती. त्याने ती वर्षानुवर्षं हलवली होती.

“आजच्यापुरती?” त्याने विचारलं.

“नाही.” पट्टीचा शेवटचा वेढा निघाला. “कायमची. सकाळी सांगणार होतो. मग म्हटलं, तिथेच मागावी, सगळ्यांसमोर, रीतसर. तुमच्याकडून.”

“मग आता सोड ना. मी सांगतो सगळ्यांना. माईकवर सांगतो.”

तिबो जरासा हसला. ते हसू सोलांजचं होतं.

“काय सांगाल? की पोराला बापाने तुतारी वाजवून बाहेर काढलं, ते त्याला मुळात जायचंच होतं म्हणून?” त्याने पट्टीची गुंडाळी करून पिशवीत टाकली. “आता नाही सोडता येत, बाबा. एकदा तरी नोतेरसमोर उभं राहावं लागेल.”

“ओदिलबाई काही म्हणाल्या नाहीत तुला.”

“हो. ऐकलं मी.”

तिबो म्हणाला की तो थोडा चालून येतो.

लेओंस घरी आला तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. टेबलावर सोलांजने तिबोचा दुसरा पांढरा जोड काढला होता. शेजारी कात्री. विजारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत उभा फाडलेला होता आणि त्याच्या शेवटी कात्रीचा काप अर्धवट थांबला होता.

“फडकी करायला सांगितलं होतं त्याने,” ती म्हणाली. “आजपासून नको म्हणाला हे कपडे.” तिने विजार उलटी केली, काठाला काठ जुळवून पाहिला. “तुतारी ऐकली. घड्याळ बघितलं नाही, पण मला कळलं, फार लवकर आहे.”

लेओंस खुर्चीवर बसला.

“तो पुन्हा उतरणार? पुढच्या रविवारी?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

सोलांजने डब्यातून पांढरा दोरा काढला, टोक तोंडात ओलं केलं आणि सुई उजेडाकडे धरली. दोरा बाजूने गेला. पुन्हा एकदा बाजूने गेला. तिसऱ्यांदा तिने सुई आणि दोरा त्याच्यापुढे धरले.

त्याने ते घेतले. कोपरं टेबलावर टेकवली, श्वास धरला, आणि ज्या हाताने इतकी वर्षं माईक स्थिर धरला होता तो हात सुईपाशी नेऊ लागला.