पहिली घागर

"कोन शिवलं माह्या झिऱ्याले? सांगा लवकर! नाईतर एकेकीचं नाव घेऊन बोंब मारतो!"

आनंदाबाई नदीच्या पात्रात कमरेवर हात देऊन उभी होती. दिवस अजून उगवायचा होता. घाटपुऱ्याच्या बाया घागरी घेऊन रेतीतून येत होत्या, त्या जागच्या जागी थबकल्या. आनंदाबाईचं तोंड सुटलं म्हणजे मधे पडायचं नाही, एवढी अक्कल सगळ्या पुऱ्याला होती.

चैत्र-वैशाखात वर्धा नदी आटून पार पलीकडच्या काठाला चिकटते. अलीकडे नुसती रेतीच रेती. मग घाटपुऱ्यातलं एकेक घर रेतीत आपापला झिरा खोदतं. हातभर खोल खड्डा केला, वाटीवाटीनं उपसला, की गाळलेल्यासारखं गार पाणी पाझरत येतं. संध्याकाळी त्यावर पळसाची पानं टाकायची, वर गोटा ठेवायचा आणि घरी जायचं. दुसऱ्याच्या झिऱ्याला हात लावायचा नाही. आणि आणखी एक रीत होती. सकाळची पहिली घागर आपल्या घरी न्यायची नाही, ती उजव्या हाताच्या शेजारणीच्या रांजणात ओतायची. तिची तिच्या शेजारणीकडे. असं करत पुऱ्याला वेढा पडायचा. कोणी सुरू केलं देव जाणे, पण त्यामुळे घाटपुऱ्यात भांडण झालं तरी बोलणं तुटत नव्हतं.

आनंदाबाईनं मात्र गेल्या उन्हाळ्यापासून ती रीत मोडली होती. तिच्या उजव्या हाताला लीलाबाईचं घर. एक दिवस आनंदाबाई घागर ओतायला गेली, तर लीलाबाईनं तिच्या डोळ्यांदेखत रांजणाच्या तोंडाला फडकं बांधलं.

"हे काय वं?"

"रेती येते कधीमधी. गाळून घेतो."

"आमचं पानी गाळून घेतं? आमच्या घागरीत किडे हायत का?"

झालं. त्या दिवसापासून घागर बंद, बोलणं बंद. घाटपुऱ्याचा वेढा त्या दोन दारांमधे तुटला.

आणि आता हे. चार-सहा दिवसांपासून सकाळी झिऱ्याची पानं सरकलेली, पाणी गढूळ, काठ ढासळलेला. आनंदाबाईचा संशय पहिल्या दिवसापासून एकाच घरावर होता, आणि पुरावाही होता. सगळा पुरा पाण्यासाठी टाचा घासत असताना लीलाबाईच्या अंगणात रोज सकाळी चिखल! दारापासून उकिरड्यापर्यंत ओली वाट!

"पानी सांडाले कुठून येते तिच्याकडं?" घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं. "तिचा झिरा त माह्याहून उथळ हाय. अजी, मी तुमच्याशी बोलून राह्यली!"

बबनराव बैलाच्या गळ्यातली घुंगरं पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कुत्रंबित्रं असन."

"कुत्रं पानं बाजूले ठेवून, गोटा उचलून पानी पेते?"

बबनरावांनी घुंगरं आणखी जोरात पुसली. मोठा गरीब माणूस. बायकोसमोर त्यांचा आवाज म्हणजे मडक्यात बोलल्यासारखा.

त्या संध्याकाळी आनंदाबाईनं झिऱ्याभोवती चुलीची राख पसरली. सकाळी राखेत ठसठशीत पाऊल उमटलेलं! रुंद पंजा, अंगठा बाहेर फाकलेला. ती बसून त्या पावलाकडे पाहत राहिली. 'लीलीच! दुसऱ्या कोणाचा एवढा फताडा पाय हाय?' तिला राग आला, तसं मनातून बरंही वाटलं. चोर सापडला की केवढं हलकं वाटतं! वर्षभराच्या अबोल्याला आता कारण मिळालं होतं.

शिवाय अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. सासू गेल्यावरची पहिली अखजी. त्या दिवशी पितरांपुढं ठेवायची घागर ह्याच झिऱ्यातून भरायची, आणि चोरट्या हाताचं पाणी सासूला कसं ठेवायचं? सासू जिवंतपणी पाण्याच्या तांब्याला दोनदा पाहून घ्यायची. मेल्यावर काय सोडणार होती?

आनंदाबाई तडक कौशल्यामायच्या दारी गेली. पुऱ्यात सगळ्यांत म्हातारी तीच, तिचा शब्द सगळे मानत.

"माय, घरोघरच्यायनं रेती उचलली पाह्यजे. जो उचलणार नाई त्यानं अखजीची घागर नदीतून भराची नाई."

रेती उचलणं म्हणजे खेळ नव्हता. झिऱ्यातली ओली रेती उजव्या मुठीत घेऊन बोलायचं. खोटं बोलला तर त्याचा झिरा आटतो, असं सगळे मानत.

"आनंदे, एकदा रेती उचलली का मागं फिरता येत नाई, बाई."

"मले कायले फिराचं हाय मागं?"

अखजीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, घाटपुरा रेतीत जमला. रेती अजून तापलेली होती, सगळे पाय अदलून-बदलून उभे होते. एकेक घर पुढं येऊन मूठ भरत होतं आणि "आमी नाई" म्हणून रेती पाण्याकडे फेकत होतं. जो तो दुसऱ्याच्या मुठीकडे पाहत होता, काल एका ताटात जेवलेली माणसं सुद्धा.

लीलाबाईची पाळी आली. आनंदाबाई दोन पावलं पुढं सरकली.

लीलाबाईनं मूठ भरली. "हिच्या झिऱ्याचं थेंबभर पानी मी काढलं असन त माहे डोये फुटो!" आणि तिनं रेती फेकली.

"मंग तुह्या आंगनात रोज चिखल काऊन?" आनंदाबाई कडाडली. "सांग न! वाचा बसली का आता?"

आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. लीलाबाई कौशल्यामायकडे वळून म्हणाली, "माय, कोनी माह्यावर करनी करून राह्यलं. मी रातच्याले रांजन अर्धा ठेवतो, सकाळी उठून पाह्यतो त काठोकाठ! आमी घरात कडी लावून, आंगनात मानूस नाई, अन दाराबाहेरचा रांजन भरेल! भेवानं मी थे समदं पानी उकिरड्यावर फेकतो, रांजन राखेनं घासतो, अन पुन्हा नदीवर येतो. कंबरडं मोडलं माहं पानी वाहून वाहून!"

मग एकेक नजर हळूहळू आनंदाबाईकडे वळली.

"माह्याकडं काय पाह्यता वं?"

"तुहंच वाकडं हाय तिच्याशी," कोणीतरी मागून बोललं.

"मी करनी करन? मी?" आनंदाबाई धावत झिऱ्याकडे गेली, दोन्ही मुठी भरल्या. "हे घ्या! मी तिच्या रांजनाले वर्षभर शिवली नाई! शिवली असन त माहा झिरा आत्ताच्या आत्ता आटो!" तिनं रेती भिरकावली आणि धापा टाकत उभी राहिली. झिरा आटला नाही.

"झालं तुमचं घर?" कौशल्यामायनं विचारलं. "घरधनी राह्यलाच न. बबन, ये."

बबनराव घोळक्याच्या पार मागं होते. येता येता त्यांनी धोतराचा सोगा दोनदा सावरला. वाकले, रेती घेतली. पण मूठ मिटेचना. ओली रेती बोटांतून भसाभसा गळत राहिली.

"अजी, बोला न," आनंदाबाई म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. ओल्या रेतीत नवऱ्याचं पाऊल उमटलं होतं. रुंद पंजा, अंगठा बाहेर फाकलेला. इतकी वर्षं त्या पायाला तेल चोळलं होतं, आणि राखेत तो ओळखू आला नव्हता!

"मीच होतो," बबनराव म्हणाले. "आज्यापासून आपल्या घरची पहिली घागर त्यायच्या घरी जाते. तू बंद केली. गेला उन्हाळा मी कसातरी काढला. अवंदा माय नाई. पहिली घागर न देता घरचं पानी तोंडाले लावलं का मले तिचाच चेहरा दिसे. मंग फाटेच्या अंधारात लोटा घेऊन जाचो, तवा गोठ्यातली जुनी घागर नेत होतो."

"अन मले नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू घर डोक्यावर घेतलं असतं."

लीलाबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. "अन मी थे उकिरड्यावर फेकून राह्यली! अजी भाऊजी, एक आवाज नाई द्याचा का?"

"देल्ला असता त तुमी घेतलं असतं का पानी?"

कोणीतरी आधी फिसकन हसलं, मग सगळा पुरा हसत सुटला. कौशल्यामाय तर डोळे पुसत होती. हसल्या नाहीत त्या दोघीच. आनंदाबाईला वाटलं, रेतीतच खड्डा करून आत बसावं. त्या रात्री तिनं नवऱ्याला भाकर वाढली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

अखजीच्या सकाळी बबनराव लोटा घेऊन निघाले, तर झिरा उघडा होता. काठावर रेती ताजी उपसलेली. आनंदाबाई त्यांच्याआधीच येऊन गेली होती.

ती लीलाबाईच्या दारात उभी होती, नवी कोरी घागर डोक्यावर. लीलाबाईनं दार उघडलं. तिच्या हातात तेच फडकं होतं. दोघी त्या फडक्याकडे पाहत राहिल्या.

"गाळ," आनंदाबाई म्हणाली. "पन माह्यासमोर पे. उकिरड्यावर नको फेकू."

"तू पे आंधी."

"माह्यावर भरोसा नाई?"

"तुहा हाय का माह्यावर?"

आनंदाबाईनं घागर उतरवली, ओंजळ भरली आणि पाणी प्यायली. दाताखाली रेती कचकन वाजली. तिनं चेहरा हलू दिला नाही, तशीच गिळली.

"कसं हाय?" लीलाबाईनं डोळे बारीक करून विचारलं.

"गोड हाय."

मग लीलाबाईनं ओंजळ तोंडाला लावली. तिच्याही दाताखाली कचकन झालेलं आनंदाबाईनं स्पष्ट ऐकलं.

"गोड हाय," लीलाबाई म्हणाली.

आनंदाबाईनं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि रांजणाच्या तोंडाला स्वतःच बांधलं.