एकच कार्ड आलं होतं

नारायणगावात जुन्या हायवेला लागून अंकित ओसवालचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकान नावाला त्याचं. तो दिवसभर गावोगाव सीसीटीव्ही बसवत हिंडतो, कारण बिबट्याच्या धास्तीनं आता गोठ्यावरही कॅमेरा लागतो. गल्ल्यावर बसते त्याची बायको डिंपल. मशीन उघडणं, जोडणं हेही तीच करते. सासरे चंपालाल सकाळी येऊन पेपर वाचत बसतात. याच जागेत त्यांनी हयातभर किराणा विकला.

त्या फाल्गुनात दुकानात शिरणारा जो तो एकच विचारायचा, नव्या पिढीचं ग्राफिक्स कार्ड आलं का? कंपनीनं कार्ड जाहीर केलं होतं, पण माल येत नव्हता. थोडाफार यायचा तो पुण्या-मुंबईतच संपायचा. गेम खेळणारे, व्हिडिओ एडिट करणारे, एआयचे प्रयोग करणारे, सगळे एकाच मालावर तुटून पडलेले. ज्याच्याकडे कार्ड असेल तो सांगेल तो भाव. डिंपलनं पुण्याच्या वितरकाकडे दिवाळीतच एक नग सांगून ठेवला होता, खोडदच्या हर्षालीसाठी.

हर्षाली आधी पुण्यात एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत होती. ती नोकरी सोडून घरी आली आणि तमाशाच्या फडांसाठी एलईडी पडद्यावरची दृश्यं तयार करायला लागली. यंदा लंकाबाईंच्या फडानं नव्या वगासाठी तिला जळता किल्ला करायला सांगितला होता. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्यांना राहुटीतच किल्ला पेटलेला दाखवायचा, असं लंकाबाईंनी ठरवलं होतं. पण ती आग आणि धूर करता करता हर्षालीच्या जुन्या कार्डानं मान टाकली. मशीन चालू व्हायचं, पण काम उघडलं की बंद पडायचं.

पाडवा तोंडावर आला आणि एका सकाळी कुरिअरवाल्यानं काउंटरवर खोकं ठेवलं. डिंपलनं तिथूनच हर्षालीला फोन लावला.

"आलं गं बाई! मशीन घेऊनच ये, बसवून देते."

"निघालेच, ताई!"

तिनं फोन ठेवला न ठेवला तोच वितरकाचा आला.

"मॅडम, एक नग चुकून तुमच्याकडे गेलाय. दुसऱ्या पार्टीचा होता. सील फोडू नका. आमचा गोकुळ मंचरला आहे, तो येऊन घेऊन जाईल."

"अहो, पण बिल माझ्या नावाचं आहे."

"बिल रद्द करू. पुढच्या खेपेला तुम्हाला जास्त देऊ."

"पुढची खेप कधी?"

"ते कंपनीलाच माहीत." वितरकाचा आवाज बदलला. "आणि हे परत नाही आलं, तर आमच्याकडून पुढं कशाचीच अपेक्षा ठेवू नका."

चंपालालनी पेपर खाली ठेवला. डिंपलनं त्यांना सगळं सांगितलं.

"देऊन टाक," ते म्हणाले. "लॅपटॉप, प्रिंटर, शाई, सगळं त्याच्याकडून येतं. त्याच्याशी वाकडं घेऊन आपण विकायचं काय?"

"पप्पा, ती पोरगी निघाली असेल."

"तिला पुढच्या महिन्यात दे."

"पुढच्या महिन्यात राहुट्या उठलेल्या असतील."

डिंपलनं अंकितला फोन लावून पाहिला. तो मढला गेला होता. तिकडे डोंगराच्या कुशीत रेंज कुठली? तिनं पुन्हा लावला, मग नाद सोडला. खोकं समोरच होतं. चंपालालनी त्यावर हात ठेवला.

गोकुळ आधी पोचला. घोडेगावचा हा माणूस वितरकाची या भागातली ऑर्डर-वसुली बघायचा, डिंपलला वहिनी म्हणायचा. आज तो चहाला नको म्हणाला आणि उभाच राहिला.

"वहिनी, मला गोत्यात आणू नका. सायेब म्हणलं, खोकं घेतल्याबिगर यायचं न्हाई."

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. हर्षालीनं पायांशी गोधडीत गुंडाळलेला कॅबिनेट आणला होता. तो उचलून आत येता येता तिनं गोकुळचं शेवटचं वाक्य ऐकलं.

"कुठलं खोकं?" तिनं विचारलं. मग ती डिंपलकडे वळली. "ताई, माझंच ना ते?"

"तुझंच. पण ते म्हणतात, चुकून आलंय."

"दिवाळीपासून नाव लावलंय मी!" हर्षालीचा आवाज चढला. "आगाऊ पैसं भरल्यात. चूक झाली तर नेमकी आमच्याच नगाची कशी होती?"

"माझ्यावर कशाला वरडती?" गोकुळही चिडला. "चूकबीक काय न्हाई. त्या पार्टीनं दुप्पट दिलं, म्हणून माघारी पायजे. मी काय मालक हाय का?"

आपण काय बोलून गेलो ते गोकुळच्या ध्यानात आलं आणि तो रस्त्याकडे बघायला लागला.

"म्हणजे हा नग आमचाच होता?" चंपालालनी सावकाश विचारलं.

"तुमचाच व्हता, शेठ."

"एकदा विकलेला माल परत मागवून दुसऱ्याला विकायचा?"

चंपालाल खोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्यावरचा हात काढला आणि पेपर उचलला. "मला काही विचारू नकोस," ते सुनेला म्हणाले. पण पेपर त्यांनी उघडला नाही.

बारावीच्या पोरांचे लॅपटॉप, ग्रामपंचायतीचे प्रिंटर, सगळं डिंपलच्या डोळ्यांपुढून गेलं. अंकित काय म्हणेल, तेही. तिनं ड्रॉवरमधून कटर काढला आणि सीलवरून सरळ फिरवला.

"वहिनी!" गोकुळ मटकन स्टुलावर बसला. "आता मी काय सांगू?"

"तू यायच्या आधीच फोडलं होतं, असं सांग."

कार्ड विटेएवढं जाड निघालं. ते हर्षालीच्या कॅबिनेटमध्ये मावेना. डिंपलनं हार्ड डिस्कची चौकट स्क्रू काढून बाहेर घेतली, तेव्हा कुठं ते बसलं. वायर जोडली, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. काळाच.

"बंदच नग निघाला वाटतं," गोकुळ पुटपुटला.

हर्षालीनं ओठ घट्ट मिटले होते. नग खरंच बंद असेल, तर वितरक बदलून देणार नव्हता आणि हर्षालीच्या हाती काहीच उरणार नव्हतं. डिंपलनं कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. मदरबोर्डाची बॅटरी काढून लावली. तरी तेच. शेवटी मोबाईलचा उजेड पाडून ती एकेक जोडणी तपासत गेली. कार्डाला वीज देणारी वायर कॅबिनेटच्या पत्र्याला घासून वाकली होती. तिची पिन केसभर बाहेर होती. डिंपलनं ती अंगठ्यानं दाबली. जाईना. आणखी जोर लावला तर तुटेल की काय, अशी भीती वाटली. डोळे मिटून तिनं दाबली.

कट्!

या वेळी पडदा उजळला. हर्षाली डिंपलच्या गळ्यात पडली, आणि लगेच बाजूला होऊन तिनं आपलं काम उघडलं. किल्ल्याच्या बुरुजाला खालून आग लागली, ज्वाळा तटावर चढल्या, धूर वाऱ्यासारखा वळला. कुठंही अडकलं नाही. चंपालाल खुर्चीवरून उठून मागं येऊन उभे राहिले.

"लई भारी, राव," गोकुळच्या तोंडून निघून गेलं. त्याच वेळी त्याचा फोन वाजला. नाव बघून त्याचा चेहरा उतरला. डिंपलनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"सील मी फोडलं," ती म्हणाली. "गोकुळभाऊ नंतर आले. गिऱ्हाईक माल घेऊन गेलं."

पलीकडून फोन कट झाला.

व्हायचं ते झालं. आठवड्यात दुकानाचं खातं बंद झालं. प्रिंटर आणि शाई नाशिकहून चढ्या भावानं आणावी लागली. गोकुळची नोकरी टिकली, पण त्याला दुसरा भाग दिला. अंकित बरेच दिवस धुसफुसत होता.

"मला विचारायचं तरी."

"तुझा फोन लागत नव्हता."

"लागला असता, तर थांबली असतीस?"

डिंपलला यावर खोटं बोलवेना.

राहुटीत किल्ला पेटला. लंकाबाईंना त्या साली चांगल्या सुपाऱ्या मिळाल्या आणि आणखी एका फडानं हर्षालीला काम दिलं. डिंपलला दुकान सोडून बघायला जाता आलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ आला, तो तिनं चंपालालना दाखवला.

पावसाळा अर्ध्यावर आला तसा कार्डांचा माल सुटला. भाव उतरले, गर्दी ओसरली. श्रावणातल्या एका दुपारी वितरकानं स्वतः फोन केला. झालेलं जणू झालंच नव्हतं.

"मॅडम, कार्डं भरपूर आहेत. काही नग पाठवू का?"

चंपालाल खुणेनं सांगत होते, घे, तोडू नकोस. डिंपलनं थोडा विचार केला.

"कार्डाला सध्या गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली. "तुम्ही आधी प्रिंटरचं खातं चालू करा. मग पुढचं बोलू."