काळ्या दोऱ्याच्या ओळी

भागीबाईंनी गोधडीचं एक टोक अकबरच्या हाती दिलं आणि दोघांनी मिळून ती अंगणातल्या बाजेवर पसरली. जुन्या धोतरांची पांढरीशुभ्र गोधडी, तिच्यावर जवळजवळ घातलेल्या टाक्यांच्या ओळी.

समोर प्रदूषण मंडळाच्या देवरे मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या काखेत निफाडजवळच्या त्या कागद कारखान्याची नोंदवही होती. बॉयलर पेटवताना किंवा यंत्र अचानक बिघडल्यावर होणारा धूर नियमाने माफ, फक्त त्याची नोंद हवी. १९९९ च्या वहीत प्रत्येक धुरापुढे ‘बॉयलर सुरू केला’ नाहीतर ‘बिघाड’ लिहिलेलं होतं. अक्षर बॉयलरवाल्या अकबरचंच. त्याला मॅडमबरोबर धाडताना मॅनेजर यादवसाहेबांनी बजावलं होतं, “म्हातारीची तक्रार आहे, बोलू दे तिला. तू वहीबाहेर बोलू नकोस. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.” एकोणीस वर्षांची नोकरी होती. तो वहीबाहेर बोलणार नव्हता.

“पाडव्यापासून रोज टाक्यांची एक वळ घालते,” भागीबाई म्हणाल्या. “साध्या दिवशी पांढरा दोरा, सणाला लाल. वाळवणावर काजळी बसली की काळा.”

“बॉयलर पेटवताना धूर होतोच, मावशी,” अकबर म्हणाला.

“व्हतोच की. माझी चूल काय बिनधुराची पेटती? तेवढ्याला मी काळा दोरा लावत नाय. घटकाभरात निवळतो तो. दिवस कलला तरी निवळंना, त्येचीच ही वळ हाय.”

अकबर थक्क झाला. जो नियम त्याने साहेबांकडून तीनदा समजून घेतला होता, तो या बाईने चुलीपुढे बसून ओळखला होता आणि वर्षभर न चुकता पाळलाही होता. त्याचं बोट आपसूक एका काळ्या ओळीवर गेलं. दसऱ्याच्या लाल ओळीपासून तिसरी. त्याला तो दिवस लख्ख आठवला.

“ओला कोळसा आला होता,” तो पुटपुटला. “आणि या सलग सहा... तेव्हा धूळ पकडायचं यंत्र बंद होतं.”

“बिघडलं होतं?” मॅडमनी वही उघडली.

वहीत तसंच होतं. अकबरने वहीतल्या आपल्या अक्षराकडे पाहिलं.

“नाही. वीज वाचवायला बंद ठेवलं होतं.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग तो ओळ दाखवत गेला आणि त्या लिहीत गेल्या. एकही ओळ खोटी निघाली नाही. दिवाळीच्या लाल ओळींपुढे मात्र बोटभर पट्टी कोरी होती.

“इथं काय झालं?”

“नातीच्या बारशाला मनमाडला गेल्ते. चार दिस घरी नव्हते.”

मॅडम मान डोलावून पुढच्या ओळीकडे वळल्या. अकबरचं बोट तिथून हलेना. त्या चार दिवसांचं वहीतही काही नव्हतं. कुंपणापलीकडे धुराडं उभं होतं. त्याने एकदा तिकडे पाहिलं.

“मावशी,” तो म्हणाला, “काळा दोरा आहे का घरात? चार ओळी राहिल्यात.”