तोल सांभाळणारं कडं

सावरगावच्या मैदानावर त्या सकाळी एवढी गर्दी होती, की जांब नदीच्या पुलावर मोटारसायकली अडकल्या. पोळा नव्हता, नदीकाठच्या दगडफेकीची गोटमार जत्राही नव्हती. भिवाजी पुन्हा पुन्हा पडत होते आणि ते पाहायला लोक आले होते.

भिवाजी म्हणजे आमच्याकडचे जुने कबड्डीपटू. वजन एकशे दहा किलो. ऊर्जागुरू निरंजनदेवांनी त्यांना मंचावर एका पायावर उभं केलं, हात आडवा करायला लावला आणि त्या हातावर नुसती दोन बोटं दाबली. भिवाजी धाडकन बाजूला गेले! मग गुरुदेवांनी त्यांच्या मनगटात तांब्याचं कडं घातलं, पुन्हा हात दाबला, अगदी लोंबकळले. भिवाजी जागचे हलले नाहीत.

"भक्तांनो, हे क्वांटम कडं आहे!" माइकवर गुरुदेव गरजले. अंगावर भगवी शाल, खाली ट्रॅकपँट. "ब्रह्मांडाची कंपनं या तांब्यात उतरली आहेत. खेळाडूचा तोल, व्यापाऱ्याचा गल्ला, सुनेचा स्वभाव, सगळं जागेवर येतं!"

सुनेच्या स्वभावावर बायका हसल्या, तरी रांगेत मात्र उभ्या राहिल्या.

मला हे पटलं होतं का? अजिबात नाही. पांढुर्ण्यात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. वीस वर्षं बॅटी विकतोय, पण बॅटने स्वतःहून धाव काढलेली मी पाहिली नाही. तरीही मैदानात मांडलेली कड्यांची पेटी माझ्याच टेबलाखाली होती, कारण एजन्सी मी घेतली होती. लोकांना हवं ते विकायचं, आपल्याला काय, अशी मी मनाची समजूत काढली होती. लबाडी दुसऱ्याची आणि कमिशन आपलं, असा तो सोयीचा हिशेब.

मग गुरुदेवांनी हुकमाचा पत्ता काढला. "कालची सेमीफायनल जिंकणारी तुमची कप्तान, सोनाली! या कड्याचा प्रताप ती स्वतः सांगेल."

सोनाली सावरगावचीच. संत्र्याच्या हंगामात आई कुसुमबाईसोबत बागेत कॅरेट उचलायला जाते आणि संध्याकाळी कबड्डी खेळते. तिच्या संघातल्या पोरींच्या जोड्यांचे तळवे सुटले होते. रविवारी सौंसरला फायनल होती, आणि कड्याबद्दल चार शब्द बोललीस तर बारा नवे जोडे देतो, असं गुरुदेवांनी तिला माझ्यासमोरच कबूल केलं होतं. जोड्यांचं खोकं मंचावर दिसेल असं मांडलंही होतं.

सोनालीने त्या खोक्याकडे पाहिलं, खाली उभ्या असलेल्या पोरींकडे पाहिलं आणि माइक हातात घेतला.

"काल मी कडं घातलंच नव्हतं," ती म्हणाली. "कबड्डीत अंगावर धातू चालत नाही. पंचानं पहिलेच काढाले लावलं. ते माह्या बॅगमधे होतं."

गुरुदेव क्षणभरच गडबडले. "बघा! बॅगेत असूनही काम केलं!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या! मी कपाळावर हात मारला.

"मंग एक करून पाहू का?" सोनाली म्हणाली. "तुम्ही दाबून राहिले होते ते मी जवळून पाहिलं. भिवाजीकाका, एक डाव या ना."

"अजून पाडतं का वं मले?" भिवाजी कंबर चोळत पुढे आले.

"कडं राहू द्या हातात. उभे राहा."

भिवाजी एका पायावर उभे राहिले. सोनालीने त्यांच्या मनगटाजवळ दोन बोटं ठेवून जराशी बाहेरच्या बाजूला दाबली. कड्यासकट भिवाजी कोलमडले.

"आता कडं काढा." तिने ते माझ्याकडे फेकलं. मग तिने भिवाजींचा हात कोपराजवळ धरला आणि अंगाच्या दिशेने दाबला, अगदी लोंबकळली. भिवाजी ठाम उभे!

"कसं काय वं पोरी?" खाली रांगेत उभ्या असलेल्या सुमनकाकूंनी विचारलं.

"काकू, तुम्ही कॅरेट उचलता ना? पोटाशी धरलं तं हलकं लागते. हात लांब केला तं तेच कॅरेट तोंडावर पाडते. याइनं पहिले लांब दाबलं, बाहेरच्या अंगानं. कडं घातल्यावर जवळ दाबलं, आतल्या अंगानं. कड्याचं काही नाही, दाबणाऱ्याचं आहे."

"तुझी श्रद्धा कमी पडते!" गुरुदेव ओरडले.

"माही तं पुरी होती ना!" भिवाजी उसळले. "मंग मी कडं घालून काहून पडलो?"

मग जो हशा उठला, त्यात गुरुदेवांचं ब्रह्मांड बुडालं. लोक मंचावर चढून एकमेकांना पाडू लागले. सुमनकाकूंनी आपल्या सुनेला उभं केलं, तर सुनेनेच सासूला पाडलं. या गोंधळात गुरुदेव जोड्यांचं खोकं उचलून तिगाव स्टेशनाकडे सटकले. शाल तेवढी खुर्चीवर राहिली.

मला लाज वाटली. वीस वर्षांच्या पोरीने बारा जोडे सोडले होते आणि मला कमिशन सोडवत नव्हतं. मी पेटी बाहेर काढली, विकलेल्या कड्यांचे पैसे तिथेच परत केले. नवे जोडे देण्याची माझी ऐपत नव्हती, पण जुन्यांचे तळवे दुकानात बसून शिवून दिले.

रविवारी आमच्या पोरी एका गुणाने हरल्या. शेवटच्या चढाईत सोनालीचा पाय रेषेबाहेर पडला होता. पंचांना तो दिसला नव्हता, तिनेच हात वर करून सांगितलं.

परतीच्या बसमध्ये एक जण म्हणालाच, "कडं घातलं असतं तं जिंकल्या असत्या."

"काका," सोनाली हसली, "कडं घातलं असतं तरी पाय बाहेरच होता."

तेव्हा माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी म्हणा, थांबा, आता हात मी दाबतो. खरं असेल ते तुमच्याही हातून होईल.

माझ्या दुकानावर आता नवी पाटी आहे: इथे बॅट, बॉल, जोडे मिळतील. जिंकणं मिळणार नाही.

गिऱ्हाईक कमी झालं नाही. पाटी वाचून हसतात आणि आत येतात.