स्टेजारुलचे तीन हंगाम

एका रविवारी सकाळी शुभंकर ग्रोसरीची पिशवी घेऊन नॉर्थ यॉर्कमधल्या आपल्या कॉन्डोकडे निघाला होता. वाटेतल्या पार्कात फुटबॉलचा सराव चालू होता. कुणीतरी चेंडू असा काही लाथाडला की तो गोलवरून आणि मागच्या जाळीवरून उडत थेट फुटपाथवर आला. शुभंकरने डाव्या हातातली पिशवी न सोडता तो उजव्या हाताने छातीशी ओढून घेतला. ठरवून काही केलं नव्हतं. कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून सहा हंगाम गोल राखलेल्या माणसाचे हात त्याला विचारून हलत नाहीत. पिशवीतली अंडीसुद्धा शाबूत राहिली.

जाळीपलीकडून पांढऱ्या मिशांचे एक दणकट गृहस्थ काहीतरी ओरडले. त्याला काही कळेना, तेव्हा त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तू रोमानियन?"

"नाही. कोल्हापूर."

"ते कुठल्या जिल्ह्यात येतं?"

"कोल्हापूर जिल्ह्यातच," शुभंकर म्हणाला.

गृहस्थांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "चालेल. आत ये."

त्यांचं नाव दोरू. टाइल्स बसवण्याचं काम करत त्यांनी कॅनडात तीस वर्षं काढली होती. इथल्या रोमानियन पोरांना रविवारी एकत्र यायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी त्या वसंतात क्लब काढला आणि नाव ठेवलं 'स्टेजारुल', म्हणजे त्यांच्या भाषेत ओकचं झाड. संघात ट्रकवाले होते, इलेक्ट्रिशियन होते, एक दाताचा डॉक्टरही होता. फक्त गोलकीपर नव्हता, कारण जो होता त्याला कॅलगरीला नोकरी लागली होती. खेळाडू त्यांना 'नेया दोरू' म्हणत. 'नेया' म्हणजे आपल्याकडचं 'काका', हे कळल्यावर शुभंकर त्यांना सरळ दोरूकाका म्हणायला लागला आणि त्यांनाही ते आवडलं.

परक्या माणसाला संघात घ्यायचं का, यावरून आधी बरीच वादावादी झाली. दोन-तीन जणांचं म्हणणं पडलं की रोमानियन क्लब आहे तर सगळे रोमानियनच हवेत. दोरूकाकांची बायको विओरिका बाजूला सँडविच कापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "गोलकीपरला हात लागतात. हातांना भाषा कधीपासून आली?" विषय तिथेच संपला.

घरी त्याच्या बायकोने, कादंबरीने दार उघडलं, तेव्हा शुभंकरच्या गुडघ्यांना चिखल लागला होता.

"अरे, तू मिल्क आणायला गेला होतास ना?"

"दूध आणलंय. शिवाय मी रोमानियाकडून खेळतोय."

ती हसत सुटली. दोन हिवाळे हा माणूस ऑफिसातून येऊन खिडकीशी बसून राहायचा, हे तिने पाहिलं होतं. त्यामुळे ट्राउझर्स कशाने धुवायच्या हे तिने विचारलंच नाही.

पहिल्या हंगामात स्टेजारुलने सपाटून मार खाल्ला. ऐन घाईत शुभंकरच्या तोंडून मराठीच निघायचं. "माझा! माझा!" म्हणून ओरडत तो चेंडूवर झेपावायचा आणि बचाव करणारे गोंधळून त्याच्याच अंगावर धडकायचे. मग दोरूकाकांनी एक सबंध सराव त्याच्या शब्दांवर घेतला. 'माझा' म्हटलं की बाजूला व्हायचं, 'मागं' म्हटलं की मागे यायचं. ऑगस्टपर्यंत पेत्रू नावाचा सहा फुटी ट्रकवाला अस्सल कोल्हापुरी ठसक्यात "मागं, मागं!" करायला लागला. समोरचे संघ बिचारे ती रोमानियन भाषा समजायचे.

दुसऱ्या हंगामात काय जादू झाली कोण जाणे. पेत्रू पुढे गोल करत होता, मागे शुभंकर अडवत होता आणि मधली माणसं एकमेकांना न बघता ओळखायला लागली होती. ऑक्टोबरात स्टेजारुलने आपल्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं आणि वरच्या गटात जागा मिळाली. चर्चच्या बेसमेंटमध्ये जेवण झालं. विओरिकाने कोबीच्या पानात खिमा-भात भरून केलेले रोल आणले, कादंबरीने मोठं पातेलं भरून तांबडा रस्सा नेला. दोरूकाकांनी एक वाटी प्यायली. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं.

"हे सूप नाही, रेड कार्ड आहे," ते म्हणाले आणि वाटी पुन्हा पुढे केली.

कादंबरीला तेव्हा दिवस गेले होते. बाळ एप्रिलमध्ये यायचं होतं, ते फेब्रुवारीतच आलं. भर हिमवादळात तिच्या पोटात दुखायला लागलं, शुभंकरची गाडी बर्फात रुतली आणि त्याने घाबरून पेत्रूला फोन लावला. पेत्रूने आपली पिकअप घेऊन येऊन दोघांना हॉस्पिटलात पोचवलं. जाई जन्मली तेव्हा शुभंकरच्या तळहातापेक्षा थोडीच मोठी होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. शुभंकरच्या आईचा व्हिसा अडकला होता, कादंबरीच्या आईला प्रवास झेपणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी विओरिका काकू पातेलं घेऊन हॉस्पिटलातल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"चोर्बा," ती म्हणाली.

"शोरबा?" कादंबरीने विचारलं आणि त्या सगळ्या धावपळीत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. विओरिकाने तिला जवळ घेतलं. रोमानियात ती अशाच अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात नर्स होती. बाळ छातीशी कसं धरायचं, यंत्राचा आवाज झाला की कधी घाबरायचं आणि कधी नाही, हे तिने दोघांना पुन्हा पुन्हा समजावलं. जाई घरी येईपर्यंत ती रोज येत राहिली. "आभार कसे मानू?" असं शुभंकरने एकदा विचारलं, तर म्हणाली, "पातेलं घासून दे."

तिसऱ्या हंगामात मात्र क्लबला गळती लागली. भांडण नाही, कुणाचा दोष नाही. पेत्रूला सरे शहरात चांगलं काम मिळालं आणि तो देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिघं भाऊ रोमानियात परतले, तिकडे आता बरे दिवस आले होते. दातांच्या डॉक्टरांचा गुडघा गेला. वरच्या गटातले संघ तरुण आणि वेगवान होते. शुभंकर रविवारी घरी यायचा तेव्हा त्याच्या कोपरांना खरचटलेलं असायचं. जाईला मांडीवर घेऊन तो नुसता बसून राहायचा, पण आता खिडकीशी नाही.

सप्टेंबरातल्या शेवटच्या सामन्याला सहाच जण आले. सातपेक्षा कमी असतील तर सामना होत नाही, समोरच्या संघाला बहाल होतो. पंच घड्याळ बघत होते.

दोरूकाकांनी जॅकेट काढलं. आत क्लबची हिरवी जर्सी होती.

"दोरू, तू बासष्ट वर्षांचा आहेस," विओरिका म्हणाली.

"मी उभा राहीन. उभं राहायला वय लागत नाही."

ते शुभंकरच्या पुढ्यात, बचावात उभे राहिले. समोर अकरा, इकडे सात. चेंडू नुसता येतच राहिला. शुभंकर उजवीकडे झेपावला, डावीकडे झेपावला, पायांनी अडवला, एकदा तर तोंडाने. तरी नऊ गोल झाले. शेवटी शेवटी एक उंच चेंडू आला, तेव्हा दमलेल्या दोरूकाकांनी मागे न बघताच आरोळी ठोकली, "माझा!" आणि डोक्याने तो बाहेर घालवला. काठावरच्या पंधरा-वीस माणसांनी विजय झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. समोरच्या संघातलीही काही पोरं टाळ्या वाजवत होती.

सामना संपल्यावर दोघं गवतावर पाय पसरून बसले.

"तू त्या दिवशी आत आलास, बरं झालं," दोरूकाका म्हणाले.

किती दिवस जे बोलायचं होतं ते शुभंकर आता बोलायला लागला. "काका, तुम्ही मला आत बोलावलंत. तुम्ही नसता तर..." काकांनी त्याच्या मानेवर आपला भला थोरला हात ठेवला.

संध्याकाळी कोल्हापूरला फोन लावला. तिकडे उजाडलं होतं.

"नऊ खाल्लेस?" वडिलांनी विचारलं. "आणि अडवलेस किती?"

"मोजले नाहीत, बाबा."

"मग लेका, हरलास कशावरून?"

स्टेजारुल तिथेच बंद झाला. गोलच्या जाळ्या विओरिकाने मुलींच्या एका नव्या संघाला देऊन टाकल्या.

पुढच्या वर्षी जाईचं जावळ काढायचं ठरलं. जावळाला मामा लागतो आणि कादंबरीला भाऊ नाही. तिने दोरूकाकांना फोन केला. विधी समजावून सांगायला लागली, तर ते मध्येच म्हणाले, "आमच्याकडेही आहे हे. वर्षाचं मूल झालं की धर्मपित्याने पहिली बट कापायची."

ठरलेल्या रविवारी ते कोट घालून, मिशा विंचरून आले. सरेहून पेत्रू व्हिडिओवर होता, "मागं, मागं" करून जाईला हसवत होता. दोरूकाका पाटावर बसले. त्यांच्या मांडीवर जाईला दिली, कादंबरीने दोघांना कुंकू लावलं. टाइल बसवताना केसाइतकाही फरक न चालणारे ते हात आता कात्री उगाच इकडून तिकडे करत होते. विओरिकाने त्यांचं मनगट धरलं. जाईने मिशी घट्ट पकडली. शुभंकर पुढे होऊन ती सोडवायला लागला.

"राहू दे," दोरूकाका म्हणाले, आणि तसेच, मिशी पोरीच्या मुठीत ठेवून, त्यांनी अलगद पहिली बट कापली.